विणीची दिशा

गाडीच्या आतल्या प्लास्टिकवर कार्बन फायबरसारखी दिसणारी, मागे गोंद असलेली पीव्हीसीची फिल्म चढवणे म्हणजे उथळ हौस, असे मानणारे लोक माझ्या नात्यागोत्यात पुष्कळ आहेत. बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत वस्तू आहे तशी वापरावी, झिजेपर्यंत वापरावी आणि तिला उगाच नटवू नये, अशी एक शिस्त असते, आणि त्या शिस्तीबद्दल मला आदरच आहे. माझे भाऊजी गाडीत बसले की गिअरभोवतीच्या काळ्या पट्टीवर बोट फिरवतात आणि विचारतात, "अरे, हे खरं कार्बन नाही ना?" नाही, असे मी सांगतो. "मग कशाला लावलंस?" हा त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, आणि दांडिया बाजारातून अलकापुरीला पोहोचेपर्यंतच्या वेळात त्याचे उत्तर देऊन होत नाही. म्हणून ते इथे सविस्तर मांडतो.

आधी खऱ्या कार्बन फायबरविषयी बोलले पाहिजे, कारण नकलेची चर्चा अस्सल काय आहे ते कळल्याशिवाय करता येत नाही. पॉलिॲक्रिलोनायट्राइल, म्हणजे स्वेटरच्या ॲक्रिलिक लोकरीच्या कुळातलाच धागा, प्रथम हवेत 200 ते 300 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून स्थिर करतात. मग प्राणवायू नसलेल्या भट्टीत तो 1000 अंशांच्याही वर नेतात. तिथे कार्बन सोडून बाकीची बहुतेक मूलद्रव्ये वायुरूपाने निघून जातात आणि माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्शाइतका बारीक काळा तंतू उरतो. असे 3000 तंतू एकत्र घेऊन केलेली चपटी लड कापडासाठी फार प्रचलित आहे. या लडींचे कापड विणतात, इपॉक्सीसारख्या रेझिनमध्ये ते भिजवतात आणि साच्यात दाबून कडक करतात. तयार झालेल्या वस्तूची घनता पाण्याच्या साधारण दीडपट असते, तर पोलादाची जवळजवळ आठपट. जॉन बर्नार्ड यांनी रचलेली मॅक्लॅरेनची एमपी4/1 ही गाडी 1981 मध्ये फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उतरली, तेव्हा चालकाला सामावून घेणारा तिचा संपूर्ण सांगाडा या पदार्थाचा होता, आणि त्या शर्यतींत असे प्रथमच घडत होते. तेव्हापासून ती काळी तिरकी वीण वेगाची खूण होऊन बसली.

बडोद्याला हा पदार्थ परका नाही, हे आपल्याच शहरातल्या अनेकांच्या लक्षात नसते. 1969 मध्ये स्थापन झालेल्या आणि 2007 मध्ये रिलायन्समध्ये विलीन झालेल्या आयपीसीएल या पेट्रोरसायन कंपनीच्या इथल्या संकुलात पीव्हीसीही बनत होते आणि ॲक्रिलिक धागाही. म्हणजे आज मी ज्या फिल्मविषयी लिहितो आहे तिचा मूळ पदार्थ आणि ती ज्याचे रूप घेते त्या तंतूचा पूर्वज, दोन्ही एकाच कुंपणाच्या आत तयार होत असत. पुढे 2010 मध्ये शहराजवळच्या आसोज इथे केमरॉक या कंपनीने बंगळूरच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजच्या तंत्रज्ञानावर कार्बन फायबरचे उत्पादन सुरू केले. आमच्या घरांतून कोणी ना कोणी त्या औद्योगिक पट्ट्यात नोकरीला असायचेच, त्यामुळे जेवणाच्या ताटावर पॉलिमरच्या गप्पा होणे आम्हाला नवे नव्हते.

आता माझा मुख्य मुद्दा. गाडीच्या आत दिसणारी कार्बनची वीण ही अस्सल असली तरी बहुतेक वेळा दागिनाच असते. जिथे ताकदीचा हिशेब काटेकोर असतो, तिथे पुष्कळदा विणलेले कापड घेतच नाहीत. एकाच दिशेने धागे असलेले पातळ थर वेगवेगळ्या कोनांत एकमेकांवर रचतात, कारण विणकामात धागा वरखाली वळतो आणि वळलेल्या धाग्याची ताकद सरळ धाग्यापेक्षा काहीशी कमी भरते. सुंदर तिरकी वीण पुष्कळदा सर्वांत वरच्या थरासाठी राखून ठेवलेली असते. महागड्या गाड्यांच्या डॅशबोर्डवर जे खरे कार्बन असते, ते सहसा साच्यातून काढलेल्या दुसऱ्या एखाद्या भागावर चढवलेला पातळ पापुद्रा असतो, आणि त्यावर पारदर्शक लेपाचा जाड थर असतो. त्या पट्टीने गाडीचे वजन घटत नाही आणि तिची मजबुतीही वाढत नाही. मग तिच्यात आणि माझ्या पट्टीत फरक किमतीचा आहे, कारागिरीचा आहे, प्रकाशात दिसणाऱ्या खोलीचा आहे. पण एक प्रामाणिक आणि दुसरी लबाड, असा तो फरक नाही. दोन्ही पट्ट्या नटलेल्या आहेत, आणि नटण्याचे जे नियम असतात त्या नियमांनीच दोघींना पारखले पाहिजे.

संखेड्याचे फर्निचर आमच्या घरात तीन पिढ्यांपासून आहे, आणि या बाबतीत मला त्याचाच दाखला द्यावासा वाटतो. त्या झोपाळ्याच्या दांडीवरची सोनेरी वेलबुट्टी सोन्याची नसते. कातलेल्या सागावर कथलाच्या लुकणाने नक्षी काढतात, ती अकीकाच्या दगडाने घोटून चमकवतात आणि वरून लाखेचा थर देतात. त्या थराखालून चंदेरी कथील सोनेरी दिसते. "सोने नाही, मग कशाला?" असे त्या झोपाळ्याला कोणी विचारल्याचे मी ऐकलेले नाही. नक्षी सरळ आहे का, लाख सारखी बसली आहे का आणि हात फिरवला तर खरखर लागते का, एवढेच लोक पाहतात. गाडीतल्या फिल्मकडेही असेच पाहावे, एवढीच माझी मागणी आहे.

माझ्या गाडीत ही पट्टी आली ती मात्र गरजेपोटी. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या अनेक छोट्या गाड्यांप्रमाणे हिच्याही मधल्या कन्सोलला, गिअरच्या चौकटीला आणि दारांवरच्या खिडकीच्या बटणांभोवती चंदेरी रंग दिलेला होता. तो रंग म्हणजे काळ्या प्लास्टिकवरचा पातळ लेप होता. अंगठीने, बांगडीने, किल्ल्यांच्या जुडग्याने तो ठिकठिकाणी खरवडला गेला होता आणि सनस्क्रीन लावलेल्या हातांनी मऊ पडून चिकट झाला होता. नवा रंग फवारायचा तर तो भाग काढणे, पूर्ण घासणे, प्रायमर देणे, रंग देणे आणि वर लॅकर देणे आले, आणि इतके करूनही तो पुन्हा खरवडला जाणारच होता. फिल्म मात्र अशा झिजेला बऱ्यापैकी दाद देत नाही, आणि नको झाली तर काढता येते.

बाजारात या फिल्मचे इतके प्रकार मिळतात की दुकानात उभे राहिल्यावर गोंधळ उडतो. 3डी, 4डी, 5डी, 6डी ही नावे कोणत्याही मोजमापाची नाहीत, ती विक्रेत्यांची भाषा आहे. ढोबळमानाने 3डी म्हणजे पृष्ठभागावर उठावाची वीण असलेली, बोटाला जाणवणारी आणि बहुधा मॅट फिल्म. पुढचे आकडे म्हणजे विणीवर चकचकीत गुळगुळीत थर दिलेल्या फिल्मा. मला गाडीच्या आत मॅट 3डीच आवडते. तिचा तुकडा भिंगाखाली धरून पाहण्यासारखा असतो. एकेका चौकोनात अतिशय बारीक समांतर रेघा उठवलेल्या असतात आणि शेजारच्या चौकोनात त्याच रेघा काटकोनात वळलेल्या असतात. डोके जरा हलवले की आत्ता उजळ दिसणारा चौकोन काळा होतो आणि काळा उजळतो. खऱ्या कापडात ताण्याचे आणि बाण्याचे तंतू प्रकाश वेगवेगळ्या बाजूंना फेकतात म्हणून जे घडते, तेच इथे साच्याने उठवलेल्या रेघांनी साधले आहे. चांगल्या आणि सुमार फिल्ममधला फरक इथेच कळतो, कारण सुमार फिल्मवर वीण नुसती छापलेली असते आणि कोणत्याही कोनातून पाहिली तरी ती जागची हलत नाही.

दिसण्यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे फिल्म बनते कशी. स्वस्त फिल्म बहुधा कॅलेंडर्ड असते, म्हणजे तापलेले पीव्हीसी रुळांमधून दाबून आणि ओढून तिचा पातळ पत्रा केलेला असतो. त्या ओढीचा ताण तिच्यात राहून जातो आणि ऊन लागले की ती पुन्हा आखडू पाहते. कास्ट फिल्म पातळ द्रवाच्या रूपात पसरून भट्टीत पक्की केलेली असते, त्यामुळे तिच्यात तसा ताण जवळजवळ नसतो. बडोद्याच्या मे महिन्यात हा फरक पुस्तकी राहत नाही. बाहेर पारा चाळिशीच्या वर असताना सूरसागराजवळच्या उघड्या जागेत गाडी लावली, तर आतल्या डॅशबोर्डला हात टेकवत नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोनात केलेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तासभर उन्हात उभ्या असलेल्या गाड्यांच्या डॅशबोर्डचे तापमान सरासरी 69 अंश सेल्सिअस भरले होते, आणि सावलीतल्या गाड्यांचे 48. आपल्याकडचा उन्हाळा त्याहून फार सौम्य नाही. अशा उन्हात आखडलेल्या फिल्मची कड मागे सरकते, तिच्याखालचा गोंद उघडा पडतो, त्यावर धूळ बसते आणि पट्टीभोवती राखाडी चिकट रेघ तयार होते. लोक म्हणतात ती "कार्बन लावलेली गाडी सहा महिन्यांत भिकार दिसते" ही तक्रार बहुतांशी या एका रेघेची आहे.

प्रत्यक्ष काम मी आणि माझा भाचा मिळून करतो. तो मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात आहे आणि हाताने अतिशय नेटका आहे. गिअरभोवतीची चौकट काढताना स्क्रू ड्रायव्हर वापरायचा नाही, त्यासाठी प्लास्टिकची पाचर मिळते. ती कडेला सरकवून हळूहळू उचकटत गेले की आतल्या क्लिपा एकेक करून टकटक सुटतात. थंडीच्या सकाळी प्लास्टिक ठिसूळ असते, म्हणून "मामा, ऊन खाऊ द्या तिला जरा," असे तो म्हणतो आणि आम्ही खरोखरच गाडी घटकाभर उन्हात ठेवतो. चौकट सुटली की ती भांड्यांच्या साबणाने धुवायची आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. डॅशबोर्ड चमकावण्याचे जे पॉलिश मिळते त्यात बहुधा सिलिकोन असते आणि ते सांध्यांत, कोपऱ्यांत वर्षानुवर्षे मुरलेले असते. एखाद्या ठिकाणी ते राहून गेले तर तिथे गोंद धरत नाही, मग फिल्म कितीही महाग असो. सुटलेल्या चंदेरी रंगाच्या कडा बारीक पॉलिश पेपरने घासून एकसमान कराव्या लागतात, कारण पातळ फिल्म खालचा प्रत्येक उंचवटा इमानाने वर दाखवते.

त्यानंतर येते दिशा, आणि माझ्या मते या साऱ्या कामाचा जीव तिच्यातच आहे. जीन्सच्या कापडाप्रमाणे ही वीण तिरकी असते: प्रत्येक लड दोन लडींवरून जाते, दोन लडींखालून येते आणि पुढच्या ओळीत एक घर सरकते, त्यामुळे डोळ्याला कर्णरेषा दिसतात. चारही दारांच्या पट्ट्या, कन्सोल आणि गिअरची चौकट यांवरच्या कर्णरेषा एकाच बाजूला झुकलेल्या असल्या पाहिजेत. तुकडा आडवा कापला तर फिल्म वाचते आणि दुकानदार तसे कापतातही. पण मग एका पट्टीवरची रेघ उजवीकडे चढते, दुसरीवरची डावीकडे, आणि बसणाऱ्याला नेमके काय खटकते आहे ते सांगता येत नसले तरी खटकते. आम्ही आधी प्रत्येक भागाच्या मागे मास्किंग टेप लावून त्यावर पुढची दिशा दाखवणारा बाण काढतो आणि मगच कात्री हातात घेतो. काही जण उजवी आणि डावी बाजू आरशातल्यासारखी एकमेकींकडे झुकवतात. तेही छान दिसते, पण त्यासाठी मध्यरेषा काटेकोर सांभाळावी लागते आणि आपल्या छोट्या गाड्यांच्या कन्सोलमध्ये तेवढी जागा नसते.

फिल्म चढवताना सर्वांत मोठा मोह ताणण्याचा असतो. हीट गनच्या उबेने ती रबरासारखी मऊ होते आणि कोणत्याही कोपऱ्यावरून ओढून घेता येते. साध्या रंगाच्या फिल्मला हे खपून जाते. कार्बनच्या विणीला मात्र खपत नाही, कारण ताणलेल्या जागी तिचे चौकोन लांबट होतात, रेघा वाकतात आणि काळा रंग फिका पडतो. म्हणून कोपऱ्यावर सढळ हाताने जास्तीची फिल्म ठेवायची, ऊब देऊन आधी चुण्या जिरू द्यायच्या आणि मग मधून कडेकडे स्क्वीजीने, म्हणजे दाबून फिरवायच्या चपट्या पट्टीने, हवा बाहेर काढत जायचे. खोलगट भाग असेल तर फिल्म आधी त्या खोलीत बसवावी लागते. वरून पूल बांधल्यासारखी ताणून मग बोटाने आत दाबली, तर दोन उन्हाळ्यांत ती हटकून वर येते. कड मागच्या बाजूला वळवायची आणि नव्या पात्याने मागूनच कापायची, म्हणजे समोरून काप दिसत नाही. जिथे वळवायला जागाच नसते तिथे अगदी कडेपुरता, गोंदाची पकड वाढवणारा प्रायमर लावावा. पॉलिप्रॉपिलीनच्या भागांवर तर तो हवाच, कारण त्या प्लास्टिकला गोंद मुळातच नीट धरत नाही. शेवटी सर्व वळणांना पुन्हा साधारण 100 अंशांची आच द्यायची. त्या आचेने फिल्म आपला जुना सपाटपणा विसरते आणि नव्या आकारात स्थिर होते. ही पायरी घाईत गाळली जाते, कारण तिने त्या दिवशी डोळ्याला काहीच फरक दिसत नाही.

आम्ही ज्या गुजराती कारागिराकडून फिल्म घेतो, त्याने पहिल्याच भेटीत एक वाक्य ऐकवले होते: "साहेब, किनारी जुओ, वच्चे तो बधुं सारुं ज लागे." मधला भाग सगळ्यांचाच चांगला दिसतो, कड पाहा. आमच्या कामाची तपासणी आम्ही तेव्हापासून कडेनेच करतो.

काही जागा मी कटाक्षाने सोडतो, आणि इथे चवीचा नव्हे तर जिवाचा प्रश्न आहे. स्टीअरिंगच्या मधल्या झाकणावर आणि डॅशबोर्डच्या डाव्या बाजूला, जिथे "एसआरएस एअरबॅग" अशी अक्षरे कोरलेली असतात त्या भागावर, फिल्म चढवू नये. त्या पृष्ठभागाला आतून कमकुवत केलेली एक शिवण असते, आणि धडकेनंतर डोळ्याचे पाते लवण्याच्या आत ती फाटून पिशवी बाहेर यायची असते. वरून चिवट पीव्हीसीचा थर ओढला तर ती कशी आणि कोणत्या बाजूला फाटेल, याची खात्री कोण देणार? आपल्याकडे चालकासाठी एअरबॅग 1 जुलै 2019 पासून सक्तीची झाली आणि शेजारच्या आसनासाठी नव्या मॉडेलांत 1 एप्रिल 2021 पासून. म्हणजे आता रस्त्यावर येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गाडीला ही खबरदारी लागू आहे. तरीही स्टीअरिंगपासून ग्लोव्ह बॉक्सपर्यंत अखंड कार्बन चढवलेल्या गाड्या मी पाहतो आणि मला अस्वस्थ वाटते. अशा ठिकाणी नकार देणारा दुकानदार भेटला तर त्याच्याकडूनच काम करून घ्यावे.

डॅशबोर्डचा वरचा, काचेखालचा भागही मी तसाच मूळचा ठेवतो. गाडी बनवणाऱ्यांनी तो मुद्दाम मंद आणि खरबरीत केलेला असतो. तिथे चकचकीत फिल्म लावली की दुपारी तिचे प्रतिबिंब समोरच्या काचेवर पडते आणि रस्ता त्या विणीतून पाहावा लागतो. चवीच्या अंगानेही थोडकी कार्बनच शोभते. गिअरची चौकट, स्टीरिओभोवतीचा भाग, दारांवरच्या बटणांच्या पट्ट्या, एवढे पुरे. सगळीकडे लावली की नजरेला विसावा राहत नाही आणि नक्षी नुसती पार्श्वभूमी होऊन जाते. मुळात ज्या सजावटीच्या फिल्मांवरून ही आवड गाड्यांत पसरली, त्यांतली थ्रीएमची डाय-नॉक इमारतींतल्या भिंती, दारे आणि फर्निचर यांच्यासाठी बनवलेली आहे. भिंतीला शोभणारा विस्तार गाडीच्या तळहाताएवढ्या जागेत मावत नाही.

देखभाल फारशी नाही. ओलसर मायक्रोफायबर कापडाने विणीच्या कर्णरेषेच्या दिशेने पुसावे, म्हणजे उठावात धूळ अडकून राहत नाही, आणि सिलिकोनचे पॉलिश या पट्ट्यांपासून कायमचे दूर ठेवावे. उरलेली फिल्म घडी न घालता पुठ्ठ्याच्या नळीवर, वीण बाहेरच्या बाजूला राहील अशी गुंडाळून घरात सावलीला ठेवावी. नव्या रिळाच्या काळ्या रंगाची छटा किंचित वेगळी निघू शकते, म्हणून दुरुस्तीला जुनाच तुकडा हाताशी असलेला बरा. फिल्म काढायची वेळ आली तर ती कोमट करून, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरून सावकाश ओढावी. मागे राहिलेला गोंद अल्कोहोलने निघतो. थिनर मात्र लावू नये, त्याने एबीएस प्लास्टिक विरघळते.